निळीची भिंत

कतारमधल्या अल वक्रातलं ते जुनं घर फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधी पाहुण्यांसाठी सज्ज करायचं होतं, आणि त्यातल्या मोठ्या खोल्या नयना सोनवणेनं बिनबोभाट उरकल्या होत्या. पुरुषांची बैठक झाली, अंगण झालं, गच्चीचे कठडे झाले, वाळवीनं खाल्लेले दरवाजे बदलून झाले. अडलं ते पार मागच्या कोपऱ्यातल्या धुण्याच्या खोलीशी. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, त्यातलाच प्रकार.

खोली तरी केवढी? दोन बाया बसल्या तर तिसरीनं दारात उभं राहावं, एवढी. एक दगडी हौद, पाणी वाहून जायला नाली, उंचावर एक झरोका आणि हौदामागे जिप्समच्या गिलाव्याची जाड भिंत. या भिंतीनं नयनाचा जीव खाल्ला होता. मशीन यायच्या आधी घरातल्या बाया पुरुषांचे पांढरे झगे इथं निळीत बुडवायच्या, पिळायच्या आणि झटकायच्या. त्या झटकण्याचे शिंतोडे वर्षानुवर्षं भिंतीवर बसत गेले होते. कुठं फिकट, कुठं गडद, हौदाच्या वर तर नुसता निळा पट्टा. घराचे म्हातारे मालक आता उम्म सलाल मोहम्मद या गावी नव्या घरात राहत. बाकीच्या कामाबद्दल त्यांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते, की खोली ताजीतवानी करा, पण निळ्याला हात लावू नका, ते माझ्या आईच्या हातचं आहे.

आता आली का पंचाईत. भिंत तळाशी खाऱ्या हवेनं फुगलेली, वर छताला काजळी धरलेली, आणि मधलं निळं मात्र जसंच्या तसं हवं. दोन तज्ज्ञ येऊन गेले आणि दोघं दोन तोंडांनी सांगून गेले. नयना रोज सकाळी त्या खोलीच्या दारात उभी राहायची, उसासा टाकायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. उन्हाळा काही केल्या संपत नव्हता. रजा बंद झाल्या होत्या. सगळ्या दोहात लग्नघरासारखी धांदल होती, आणि लग्नघरात जी बाई स्वयंपाकघरातून बाहेरच पडत नाही, तशी नयनाची गत झाली होती. ती थकली होती, आणि एका सुट्टीच्या झोपेनं जाईल असला तो थकवा नव्हता.

बरं, नशिबाची थट्टा अशी, की ही नयना परटाची मुलगी. नाशकात पंचवटीत त्यांची लॉन्ड्री होती. पुढे दुकान, मागे भट्टी, वर राहायची खोली. सोडा, साबण, नीळ आणि कोळशाची इस्त्री यांच्या वासात ती वाढली, आणि त्या वासातून सुटायचं म्हणूनच जीव तोडून शिकली. शाळेत पोरं तिला बघून 'धोब्याचं कुत्रं, ना घरचं ना घाटाचं' असं म्हणत पळायची. तिनं ते मनात धरलं आणि पहिला नंबर सोडला नाही. आर्किटेक्ट झाली, समुद्र ओलांडला, आणि एवढं सगळं करून शेवटी कुणाच्या दाराशी येऊन उभी राहिली, तर धुण्याच्या खोलीच्या.

दोहात मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवीन आली तेव्हा तिचा साहेब, कैवल्य आगाशे, यानं तिला घरी जेवायला बोलावलं होतं. मूळचा पुण्याचा, माणूस तसा सज्जन, मराठी माणूस दिसला की लगेच आमटीभाताचं आमंत्रण देणारा. वाढता वाढता त्याच्या बायकोनं, ईश्वरीनं, सहज विचारलं, "बाबा काय करतात गं तुझे?" आणि नयनाच्या तोंडून निघून गेलं, "टेक्स्टाइलमध्ये आहेत." अगदीच खोटं नव्हतं म्हणा, धंदा कापडाचाच. सोनवणे आडनावात सगळ्या जाती सुखानं नांदतात, त्यामुळं पुढं कुणी खोदून विचारलं नाही. पण अशी गोष्ट एकदा तोंडातून गेली की मग ती निभावत बसावं लागतं.

चार-पाच महिन्यांपूर्वी तिची आई, हौसाबाई, गेली. नयनाला भाऊ नाही, बहीण नाही, आणि स्वतःचा संसार कधीच मोडलेला. ती नाशिकला गेली, लॉन्ड्रीला कुलूप घातलं आणि वडिलांना, नानांना, सोबत घेऊन निघाली. मुंबईच्या विमानतळावर बाकावर बसल्या बसल्या तिनं त्यांना हळूच सांगितलं, "नाना, तिथं मी टेक्स्टाइल म्हणून सांगितलंय. कुणी विचारलं तर तेवढं लक्षात ठेवा." नाना काचेबाहेरच्या विमानांकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'वर त्यांनी चार महिने काढले. अल मुंतझातल्या तिच्या फ्लॅटमध्ये त्यांनी आल्या आल्या गाडगेबाबांचा, आपल्याच परीट समाजातल्या संताचा, फोटो हॉलमध्ये लावला होता. कैवल्य आणि ईश्वरी येणार म्हटल्यावर तो बेडरूममध्ये गेला आणि तिथंच राहिला. त्या दिवशी ईश्वरीनं नेसलेल्या पैठणीचा पदर नानांपुढं धरला. "नाना, तुम्ही जाणकार. पदराची जरी खरी आहे का हो?" नानांनी आयुष्यात पैठण्या ढिगानं हाताळल्या होत्या, पण त्या ड्रायक्लीनला आलेल्या. त्यांनी पदर चिमटीत धरला, सवयीनं डाग शोधला, एक सापडलासुद्धा, आणि म्हणाले, "चांगली आहे." नयनाला आधी हसू आलं आणि मागोमाग लाज वाटली.

मग नाना हळूहळू बोलेनासे झाले. कुणी आलं की खुर्चीत ताठ बसायचे, गेलं की आत जाऊन आडवे व्हायचे. ताटातली पोळी अर्धी राहू लागली. "मला नाशिकला जाऊ दे" एवढं मात्र रोज न चुकता म्हणायचे. "तिथं कोण आहे तुमचं?" हे नयनाचं उत्तर ठरलेलं. इथं तरी कोण होतं, हे दोघंही विचारत नसत.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी फ्लॅटचा एसी बंद पडला. बिल्डिंगच्या माणसानं "दुपारपर्यंत होईल, इन्शाल्ला" असं सांगितलं, म्हणजे दुपारपर्यंत होणार नाही हे दोहात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. त्या उकाड्यात म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवणं शक्य नव्हतं. नयनानं नानांना गाडीत बसवलं आणि सरळ साइटवर आणलं.

घराची देखरेख फजलकडे होती. फजल गोरखपूरकडचा. राखणदार तोच, झाडूवाला तोच, चहा करणाराही तोच, आणि चाव्याही त्याच्याच कमरेला. "फजलभाई, ये मेरे पिताजी हैं. इनको जो चाहिए, दे देना," नयना म्हणाली. फजलनं नानांना वाकून सलाम केला. घरात सगळ्यात गार जागा कुठली, तर तीच धुण्याची खोली, भिंती जाड असल्यामुळं. तिथं खुर्ची टाकली, पंखा लावला, पाण्याची बाटली ठेवली.

नाना बसले नाहीत. उभ्या उभ्या हौद बघत होते, मग नालीचा उतार बघितला, मग भिंत.

"ही कसली खोली गं?"

"धुण्याची. जुन्या काळातली. हिनं माझा जीव घेतलाय, नाना. ताजीतवानी करून द्यायचीय आणि होतच नाहीये. एवढं मोठं घर झालं, ही टीचभर खोली होईना."

"त्यात काय एवढं?"

"तुम्हाला नाही कळायचं," असं म्हणून ती निघालीसुद्धा. ऑफिसात मीटिंग होती आणि उशीर झालाच होता. निळ्याला हात लावायचा नाही, एवढं एक सांगायचं राहिलं. चार महिने ज्या माणसानं घरातला टीव्हीसुद्धा आपल्या हातानं लावला नव्हता, तो भिंतीला हात लावेल हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

मीटिंग म्हणजे नमनालाच घडाभर तेल. पाहुण्यांसाठी पाट्या किती भाषांत लावायच्या यावर सकाळ गेली आणि जेवणानंतर पुन्हा तेच दळण. नयना मान हलवत होती आणि मधूनच तिच्या लक्षात येत होतं, की आपण काय ऐकलं ते आपल्याला आठवत नाहीये. ती परत वक्राला पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात पाय ठेवताच लिंबाचा वास आला. त्यामागून व्हिनेगरचा. आणि त्या दोन्हींच्या खाली कुठंतरी नासक्या अंड्याचा, अगदी पुसट. हा तिसरा वास तिनं लहानपणानंतर घेतला नव्हता, पण ओळखला. निळीवर आंबट पडलं की तो सुटतो. ती धावतच मागच्या खोलीकडे गेली.

नाना अनवाणी हौदात उभे होते. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात टॉवेलाचा बोळा. फजल बादली घेऊन बाजूला, चेहऱ्यावर नुसतं कौतुक. आणि भिंत पांढरी झाली होती. नुसती पांढरी म्हणणंही अपुरं, साईसारखी झाली होती. छताजवळची काजळी गेली होती, तळाची पोपडी निघाली होती, आणि निळं कुठंही नव्हतं. हौदाच्या वरचा तो पट्टा, ते शिंतोडे, तो फिकट, तो गडद, सगळं नालीवाटे वाहून गेलं होतं.

"बघ," नाना म्हणाले. "म्हणत होतीस ना होत नाही म्हणून. अगं, नीळ जास्त झालेली होती नुसती. कोण बाई होती कुणास ठाऊक, हात लई सढळ तिचा. साध्या पाण्यानं नाही निघत ती, उलट पसरते. आधी व्हिनेगर फिरवायचं, थांबायचं, मग लिंबू. घासायचं नाही, टिपायचं. घासलं की आत जातो डाग. या फजलनं पळत जाऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून बाटल्या आणल्या. पोरगा चांगला आहे. त्याला म्हटलं, आमच्या भट्टीवर असतास तर तुला चार वर्षांत तयार केला असता."

चार महिन्यांत ते एकूण जेवढं बोलले नसतील, तेवढं एका दमात बोलले. डोळे लकाकत होते. अंगाला घाम आणि दम लागलेला, तरी थांबायला तयार नव्हते. "आणि भूक लागलीय बरं का," ते म्हणाले. "काही असलं तर दे."

नयनाला ओरडावंसं वाटत होतं, खाली बसून रडावंसंही वाटत होतं. पण हौसाबाई गेल्यापासून या माणसानं आपण होऊन भूक लागली असं पहिल्यांदा म्हटलं होतं. "छान झालंय, नाना," ती म्हणाली आणि हौदाच्या काठावर टेकली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, हे आई म्हणायची. इथं तर गणपती कुणी करायलाच सांगितला नव्हता.

विचार करायला उसंत मिळाली असती तर कदाचित काही सुचलंही असतं. पण तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मालक वक्रातच कुणाकडे आले होते, जाता जाता घर बघून जाऊ म्हणाले, आणि कैवल्य त्यांना घेऊन आला होता. आवाज ऐकताच नानांनी पायजमा खाली सोडला, चपला घातल्या, हात पुसले आणि खुर्चीत जाऊन ताठ बसले. साहेब आले की असं बसायचं, ही चार महिन्यांची सवय.

मालक काठी टेकत आत आले. नयना उठून बाजूला झाली. म्हाताऱ्यानं भिंतीकडे पाहिलं आणि आधी त्याला काही कळलंच नाही, आपण चुकीच्या खोलीत आलो की काय, असं त्यानं मागं वळून बघितलं. मग तो पुढं झाला. जिथं तो निळा पट्टा होता तिथं त्यानं तळहात टेकवला आणि हात उलटा करून बघितला. हाताला नुसतं पाणी लागलं होतं. तो पुटपुटत काहीतरी बोलला. नयनाला त्यातला एकच शब्द समजला, 'उम्मी', माझी आई. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त "खलास" म्हणाला आणि काठी टेकत बाहेर गेला. कैवल्य त्याच्या मागं धावला.

"काय झालं गं?" नानांनी विचारलं. "आवडलं नाही का त्यांना?"

आता लपवून उपयोग नव्हता. "नाना, ते निळं ठेवायचं होतं. त्यांच्या आईच्या हातचं होतं ते. तेवढंच ठेवायचं होतं."

नानांच्या चेहऱ्यावरचं सगळं पाणी उतरलं. ते भिंतीकडे बघत राहिले. "मला सांगायचं ना," ते म्हणाले.

"राहिलं सांगायचं."

"माझ्या हौसाच्या हातचं काही कुणी असं धुऊन टाकलं असतं तर..."

कैवल्य घामाघूम होऊन परत आला. त्यानं आधी भिंत बघितली, मग बादली, मग बादली धरलेला फजल. त्याच्यापुरता सगळा उलगडा झाला. "व्हेरी गुड," तो म्हणाला. "साफसफाई केली वाटतं? तुमको बोला था ना, इस रूम में कुछ टच नहीं करने का?"

फजलनं तोंड उघडलं, खुर्चीत बसलेल्या नानांकडे बघितलं आणि मिटलं. मॅडमचे वडील, वयानं थोर, पाहुणे. त्यांचं नाव तो घेईना. "साहब, गलती हो गई," एवढंच म्हणाला.

"नयना, याला आजच्या आज काढायचा. मी मालकांना शब्द देऊन आलोय, ज्यानं केलं तो माणूस उद्या या देशात दिसणार नाही. त्याशिवाय कंपनीचं काही खरं नाही. बिचारा गरीब आहे मान्य, पण माझा नाइलाज आहे."

"साहेब," नाना म्हणाले, "भिंत मी धुतली."

कैवल्य थकल्यासारखा हसला. "नाना, तुमचं मन मोठं आहे. पण गरिबाला पाठीशी घालायची ही वेळ नाही हो."

"पाठीशी नाही घालत. खरंच मी धुतली. व्हिनेगर आणि लिंबानं."

"अहो, तुम्ही कापडाच्या व्यापारातली माणसं," कैवल्य समजूत घातल्यासारखा म्हणाला. "तुम्ही कशाला असल्या हौदात उतराल? तुम्ही शांत बसा बघू. या गडबडीत तुम्हालाच उगाच त्रास."

नानांच्या ओठांवर पुढचं वाक्य आलेलं नयनाला स्पष्ट दिसलं. दोन शब्दांचं वाक्य. मी परीट. तेवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण नानांनी ते गिळलं. त्या वाक्यावर आपला हक्क उरलेला नाही असं समजून की काय, त्यांनी मुलीकडे बघितलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. बघितलं आणि वाट बघत बसले.

गप्प राहणं किती सोपं होतं. तिला तर काही करायचंही नव्हतं, सगळं कैवल्यनंच जुळवून दिलं होतं. फजल गेला असता, कामाला दुसरा आला असता, आणि दिवाळीला ईश्वरीच्या घरी फराळाला नाना ताठ बसले असते. फजल अजून बादली धरून उभा होता, खाली ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं. नयनाला स्वतःचीच किळस आली. आपण दोन श्वास तरी गप्प बसलो, हे तिला कळत होतं आणि नानांनाही कळत होतं.

"सर, नानांनीच धुतलीय," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटेना. "आम्ही परीट. पंचवटीत आमची लॉन्ड्री होती. जन्मभर लोकांचे कपडे धुतले त्यांनी, त्यावर मला शिकवलं. डाग दिसला की त्यांना राहवत नाही. टेक्स्टाइल वगैरे सगळं मी सांगितलेलं, खोटं होतं ते. आणि निळ्याला हात लावायचा नाही, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. नाना मागतील ते दे, असं मीच फजलला सांगितलं होतं, त्यानं तेवढंच केलं. नाव द्यायचंय ना, माझं द्या."

कैवल्यनं चष्मा काढून पुसला. "अच्छा," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "अगं, मग आधीच सांगायचंस. त्यात लपवण्यासारखं काय होतं? आम्ही काय तसल्यातले नाही."

"हो, सर."

"किती वर्षं होती लॉन्ड्री यांची?" हे त्यानं नयनाला विचारलं. नाना समोर हातभरावर बसले होते. इतके दिवस 'नाना, नाना' करणाऱ्या माणसाला आता त्यांना काय म्हणावं ते सुचत नसावं.

"माझ्या आजोबांपासून," नानांनीच उत्तर दिलं.

"अच्छा, अच्छा." कैवल्यनं घड्याळ बघितलं. तो माणूस वाईट नव्हता, आणि जे बोलला ते त्यानं नयनाच्या नजरेला नजर न देता का होईना, पण सरळ सांगितलं. हे घर तिच्याकडून काढून घ्यावं लागेल, मालकांना तेवढं तरी दाखवायलाच हवं. पाहुण्यांच्या तंबूंचं एक काम सुरू होतं, शहराबाहेर, उन्हात, तिकडे तिला पाठवता येईल. पुढच्या बढतीचं आता काही सांगता येणार नाही. फजल राहील. "यल्ला, जाओ, चाय बनाओ," तो फजलला म्हणाला. फजलनं बादली खाली ठेवली आणि जाता जाता वाकून नानांच्या पायाला हात लावला.

परतीच्या वाटेवर रस्ताभर गाड्याच गाड्या होत्या. खांबाखांबावर फुटबॉलचे झेंडे लागले होते आणि वाऱ्याअभावी लोंबत होते. नयनाला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नव्हतं. ती फक्त आणखी थकली होती, आणि उद्यापासून तंबू होते, आणि ईश्वरी आता फोनवर कसल्या गोड आवाजात बोलेल हेही तिला आत्तापासून ऐकू येत होतं.

"नाना, तुमचं तिकीट काढते," ती म्हणाली. "मी उगाच अडवून ठेवलं तुम्हाला. जायचं म्हणत होतात तर जा."

नाना समोर बघत होते. हाताला अजून लिंबाचा वास येत होता त्यांच्या.

"परटाबद्दल लोक काय म्हणतात, ठाऊक आहे ना तुला?" ते म्हणाले. "गिऱ्हाइकाचे कपडे घालून मिरवतो म्हणतात. मिरवतातही काही जण, नाही असं नाही. पण मी जन्मात कधी गिऱ्हाइकाचा सदरा अंगाला लावला नाही. तुझ्या लग्नात कपाटात एकाहून एक कोट लटकलेले होते, तरी जुनाच घातला. आणि इथं येऊन चार महिने दुसऱ्याचा सदरा घालून बसलो होतो मी. जायचं जायचं म्हणत होतो ते त्याच्यापायी. अंगाला टोचायचा."

नयनाला समोरची गाडी दिसेनाशी झाली. तिनं डोळे पुसले. "मग मला बोलला का नाहीत?"

"तुला बरं वाटत होतं ना त्यानं."

पुढची रांग हलली. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा कुठं तिनं गाडी पुढं घेतली.

"तिकिटाचं राहू दे आता," नाना म्हणाले. "उद्या मला त्या म्हाताऱ्याकडं घेऊन चल, तुझी कामं झाली की. त्याच्या आईचं मी धुऊन टाकलं. ते काही मला परत करता येणार नाही. पण जाऊन सांगायला तर हवं, कुणी धुतलं ते."

"ते भेटतील की नाही, माहीत नाही, नाना. रागावलेत ते."

"नाही भेटले तर दारात बसू." मग नानांनी विचारलं, "परटाला यांच्या भाषेत काय म्हणतात?"

"माहीत नाही."

"विचारून ठेव कुणाला तरी," नाना म्हणाले. "मला नीट म्हणता आलं पाहिजे."